स्विचची वायर काढून स्टर्नड्राइव्हचा गिअर सुधारत नाही

स्टर्नड्राइव्हच्या, म्हणजे इंजिन बोटीत आणि पंखा (प्रोपेलर) फिरवणारा गिअरचा भाग मागच्या भिंतीबाहेर असलेल्या, बोटी वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. तो थोडक्यात असा: "गिअर जड झालाय, न्यूट्रलला येत नाही, किंवा गिअर बदलताना इंजिन बंद पडतं? मग शिफ्ट इंटरप्ट स्विचची वायर काढून टाका, आयडल १००० वर न्या, केबलमध्ये डब्ल्यूडी-४० सोडा आणि गिअर हळूहळू टाकत जा. तरीही 'खट्' आवाज आला तर लोअर युनिट गेलं समजा."

(आयडल म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन ज्या वेगाने चालतं तो वेग, आणि लोअर युनिट म्हणजे ड्राइव्हचा पंख्याकडचा खालचा भाग.) पाच गोष्टी सांगितल्या आहेत आणि पाचही चुकीच्या आहेत. यातल्या पहिल्या दोन उपायांनी बोट चार दिवस बरी वाटते, म्हणून सल्ला टिकून आहे. पण ते चार दिवस क्लचच्या दातांच्या आयुष्यातून वजा होत असतात.

सल्ल्याची पायाभूत चूक आधी सांगतो. सगळे स्टर्नड्राइव्ह आतून एकसारखे आहेत असं तो धरून चालतो, आणि ते तसे नाहीत. मर्क्रुझर कंपनीच्या अल्फा ड्राइव्हमध्ये खाली, पंख्याच्या शाफ्टवर, दातांचा सरकता क्लच असतो. त्याला डॉग क्लच म्हणतात. मर्क्रुझर ब्राव्हो आणि व्होल्वो पेंटाच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये क्लच वरच्या गिअरकेसमध्ये असतो आणि तो शंकूच्या आकाराचा, म्हणजे कोन क्लच असतो. डॉग क्लचमध्ये दात दातात अडकतात, कोन क्लचमध्ये घर्षणाने पकड येते. इंटरप्ट स्विचची खरी गरज पहिल्या प्रकाराला आहे. आपल्या बोटीवर कोणता ड्राइव्ह आहे हे न पाहता दिलेला कुठलाही इलाज अंदाजपंचे असतो.

"स्विचची वायर काढून टाका"

हा स्विच कशासाठी आहे ते पाहू. अल्फाच्या लोअर युनिटमध्ये फॉरवर्ड आणि रिव्हर्सची दोन गिअरचाकं इंजिन चालू असताना सतत एकमेकांच्या उलट दिशेने फिरत असतात. मधला क्लच ज्या चाकाकडे सरकतो, त्याच्या दातांत अडकून पंखा फिरवतो. इंजिन जोर लावत असेपर्यंत दातांच्या बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. त्या स्थितीत लिव्हर कितीही ओढला तरी क्लच सुटत नाही. कारण दाब असताना सुटू नयेत अशीच त्यांची घडण आहे.

म्हणून इंजिनवरच्या शिफ्ट प्लेटवर एक स्प्रिंग लावलेला लिव्हर आणि त्याशेजारी छोटा स्विच बसवलेला असतो. स्विचचं रोलर लिव्हरच्या 'व्ही' आकाराच्या खाचेत बसतं. गिअर काढायला गेलात आणि केबलवर ताण आला की लिव्हर जरासा हलतो, रोलर खाचेतून वर चढतं, स्विच दाबला जातो आणि इंजिनचं इग्निशन क्षणभर तुटतं. दातांवरचा दाब जातो, क्लच न्यूट्रलला सरकतो, ताण संपतो, रोलर परत खाचेत बसतं आणि इंजिन पुन्हा पेट घेतं. हे सगळं इतकं झटपट होतं की कानाला फक्त एक उचकी लागल्यासारखी वाटते.

वायर काढली की ही उचकी बंद होते, आणि इंजिन बंद पडणंही बंद होतं. पण दातांवरचा दाब तसाच राहतो. मग धक्क्याशी लागताना लिव्हर न्यूट्रलला ओढता आणि बोट पुढे चालतच राहते. हा प्रसंग नेमका तिथेच ओढवतो जिथे समोर दुसरी बोट किंवा पाण्यात माणसं असतात.

स्विच ताण मोजतो, इतकंच. केबल आतून गंजून जड झाली असेल तर गिअर *टाकताना*सुद्धा ताण येतो, स्विच नको तेव्हा दाबला जातो, जास्त वेळ दाबलेला राहतो आणि इंजिन मरतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

एक फरक नीट लक्षात ठेवा, निदानाचं निम्मं काम त्यावर होतं. गिअर काढताना छोटी उचकी येणं बरोबर आहे. गिअर टाकताना उचकी आली, किंवा काढताना इंजिन पूर्ण बंद पडलं, तर केबल जड आहे किंवा तिचं ॲडजस्टमेंट बिघडलंय.

वायर काढणं एका बाबतीत मात्र योग्य ठरतं: तपासणीपुरतं. इंजिनला स्पार्कच येत नसेल आणि स्विच दाबलेल्या स्थितीत अडकल्याचा संशय असेल, तर मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे तो सर्किटमधून वेगळा करून पाहावा. स्पार्क आला तर स्विच बदलायचा, रोलर खाचेच्या मध्यभागी बसतंय का ते पाहायचं आणि वायर परत जोडायची.

"आयडल १००० वर न्या"

हे आगीतून फुफाट्यात जाणं आहे. पंखा स्थिर असतो, गिअरचाक फिरत असतं आणि क्लच त्यात घुसतो. चाक जितकं वेगात, तितका दातांच्या कडांवर घाव मोठा. कडा हळूहळू गोल होतात. गोल झालेले दात जोर पडला की निसटतात, मग फॉरवर्डमध्ये वेग देताना 'खाड-खाड-खाड' ऐकू येतं. तिथून पुढे खरंच लोअर युनिट उघडावं लागतं.

कार्ब्युरेटरच्या बहुतेक मर्क्रुझर इंजिनांचं आयडल गिअरमध्ये असताना साधारण ६०० ते ७०० आरपीएम असतं. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरावा. आयडल त्याहून खाली घसरलं असेल किंवा इंजिन थडथडत असेल, तर स्विचच्या त्या क्षणभराच्या खंडाने ते मरणारच. अशा वेळी आधी स्पार्क प्लग, इंधन फिल्टर आणि इग्निशन टायमिंग पाहायचं, आणि आयडल *ठरलेल्या* आकड्यावर आणायचं. त्याच्या वर नाही.

डॅशबोर्डवरच्या टॅकोमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बऱ्याच टॅकोमीटरच्या पाठीमागे ४, ६, ८ सिलिंडर निवडायचा छोटा खटका असतो. ८ सिलिंडरच्या इंजिनावर तो ६ वर राहिला तर खऱ्या ६०० आरपीएमला काटा ८०० दाखवतो. मग माणूस "आयडल जास्त आहे" म्हणून कमी करत जातो आणि इंजिन गिअर बदलताना बंद पडायला लागतं.

"केबलमध्ये डब्ल्यूडी-४० सोडा"

शिफ्ट प्लेटपासून ड्राइव्हपर्यंत जाणारी खालची केबल ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीच्या, आरपार पाण्याच्या बाजूला जाते. तिचं बाहेरचं आवरण तडकलं, घासलं किंवा तिथल्या रबरी बेलोला (घड्यांच्या नळीसारख्या आवरणाला) भोक पडलं की पाणी आत शिरतं, आतली तार गंजते, गंज फुगतो आणि तार आवरणातच घट्ट होते. हे सगळं केबलच्या पार ड्राइव्हकडच्या टोकाला घडतं. आपण फवारा मारतो इंजिनच्या बाजूने, आणि तो वरच्या दोन-चार इंचांत संपतो. तार दोन दिवस सैल वाटते, पुन्हा घट्ट होते. शिवाय बंद इंजिन कप्प्यात ज्वलनशील फवारा मारणं हा वेगळाच धोका.

जड झालेली खालची केबल बदलायचीच असते. त्यासाठी ड्राइव्ह उतरवावा लागतो. ते काम निघालंच असेल तर शिफ्ट केबलचं बेलो आणि क्लॅम्प नवे घाला, आणि यू-जॉइंटचं (इंजिनकडून ड्राइव्हला फिरकी नेणाऱ्या सांध्याचं) व एक्झॉस्टचं बेलो घड्यांमध्ये बोट घालून तपासा. घडीच्या तळाशी बारीक चिरा असतात, वरून रबर चांगलं दिसतं. यू-जॉइंटच्या बेलोला अशी चीर गेली की तिथूनच पाणी बोटीत येतं.

नवी केबल टाकतानाही चुका होतात. तिला घट्ट वळण देऊ नका, वळणाची त्रिज्या २०० मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकवू नका. वायरच्या जुडग्याबरोबर झिप टायने आवळून टाकू नका, कारण गिअर बदलताना केबलला स्वतःलाही थोडं हलायला जागा लागते. केबलच्या टोकाचं नट टेकेपर्यंत आवळून अर्धा फेरा मागे घ्यायचं, म्हणजे टोक पिनवर सहज फिरतं. ते करकचून आवळलं की कोरी केबलसुद्धा जुन्यासारखी वागते.

"गिअर हळूहळू टाका"

सल्ल्यातली ही ओळ सगळ्यात समजूतदार वाटते आणि सगळ्यात शांतपणे नुकसान करते. डॉग क्लच हळूहळू पुढे सरकवला की त्याच्या दातांची टोकं फिरणाऱ्या चाकाच्या दातांवर 'कर्रर्र' करत घासत राहतात. आत पूर्ण शिरेपर्यंत जितका वेळ, तितकी झीज. कोन क्लचलाही ही कुरवाळणी सोसत नाही, अर्धवट टेकलेला शंकू घसरत राहतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग पकड येत नाही.

बरोबर पद्धत अशी: थ्रॉटल आयडलला येऊ द्या, इंजिनचा वेग खरंच उतरू द्या, आणि मग लिव्हर एका ठाम हालचालीत खटक्यापर्यंत न्या. आदळायचा नाही, पण मध्ये रेंगाळायचंही नाही. फॉरवर्डमधून रिव्हर्सला जाताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा.

"'खट्' आवाज आला म्हणजे लोअर युनिट गेलं"

आयडलला एक स्वच्छ 'खट्' हा डॉग क्लच व्यवस्थित बसल्याचा आवाज आहे. तो धास्तीचा विषय नाही. आणि खरोखर बिघाड असला तरी तो तीन जागांपैकी कुठेही असू शकतो: लिव्हरपासून शिफ्ट प्लेटपर्यंत, शिफ्ट प्लेटपासून ड्राइव्हपर्यंत, किंवा ड्राइव्हच्या आत. हे तीन तुकडे वेगळे करून पाहिल्याशिवाय कुणालाही लोअर युनिट उघडू देऊ नका.

इंजिन बंद, चावी खिशात, बॅटरीचा स्विच ऑफ. पंख्याजवळ हात जाणार आहे, म्हणून यात सूट नाही. शिफ्ट प्लेटवरून दोन्ही केबलची टोकं काढा. आता कंट्रोल लिव्हर पुढे-मागे करा. जड लागला तर दोष वरच्या केबलमध्ये (लिव्हरपासून शिफ्ट प्लेटपर्यंतच्या) किंवा कंट्रोल बॉक्समध्ये. लिव्हर हलतोय पण केबल हलत नाही, तर न्यूट्रलमध्ये फक्त थ्रॉटल देण्याचं बटण अडकलंय का ते आधी पाहा.

मग खालच्या केबलचं टोक बोटांनी धरून सरळ रेषेत ढकला आणि ओढा. त्याच वेळी मदतनीसाला हातमोजे घालून पंखा हलकेच फिरवायला सांगा. पंखा फिरल्याशिवाय दात समोरासमोर येत नाहीत आणि चांगला ड्राइव्हही अडकल्यासारखा वाटतो. केबल गुळगुळीत सरकली पाहिजे. खरखरली, मध्येच अडली किंवा दोन्ही हातांचा जोर लागला, तर ड्राइव्ह उतरवून पुन्हा तसंच करून पाहा. उतरवल्यावरही जड, तर केबल गेली. मोकळी झाली, तर दोष ड्राइव्हच्या आतल्या शिफ्ट शाफ्टमध्ये किंवा क्लचमध्ये. उतरवताना आणि चढवताना अल्फा फॉरवर्डमध्ये ठेवतात आणि ब्राव्हो न्यूट्रलमध्ये. इथे गल्लत झाली तर जोडणी चुकते आणि नव्या केबलवर गिअर लागत नाहीत.

ॲडजस्टमेंटचा क्रमही पाळा: आधी खालची केबल, मग वरची. अल्फाच्या खालच्या केबलवर पितळी बॅरलचा (केबलची लांबी जुळवायला फिरवायच्या तुकड्याचा) मध्य आणि केबलच्या टोकाच्या भोकाचा मध्य यांत ६ इंच, म्हणजे सुमारे १५२ मिमी अंतर ठेवतात. वरच्या केबलसाठी कंट्रोल न्यूट्रलमध्ये ठेवून टोक हलकेच आत ढकला, खूण करा. हलकेच बाहेर ओढा, दुसरी खूण करा. या दोन खुणांमधला खेळ म्हणजे केबलची ढिलाई. टोक दोन्हींच्या बरोबर मध्ये धरून बॅरल फिरवा, म्हणजे ते पिनवर विनाताण बसेल. एका बाजूला झुकलेलं ॲडजस्टमेंट असलं की फॉरवर्ड पूर्ण लागतो आणि रिव्हर्स अर्धवट, किंवा उलट. अर्धवट लागलेला गिअर जोर पडल्यावर निसटतो आणि लक्षण हुबेहूब झिजलेल्या दातांसारखं दिसतं. म्हणून निसटणाऱ्या गिअरवर पहिला उपाय मोजपट्टी.

लोअर युनिटवर नाहक आळ येण्याची आणखी एक जागा म्हणजे पंख्याचं रबरी हब. ते सुटलं की इंजिनचा वेग वाढतो आणि बोट जागची हलत नाही. पंख्याच्या मागच्या बाजूला आतल्या नळीवरून बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि बोट चालवून आणा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले तर हब घसरलंय आणि गिअर निर्दोष आहे. फॉरवर्ड-रिव्हर्स दोन्हींत जोर नाही आणि जळक्या रबराचा वास येतोय, तर इंजिनमागचा कपलर, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह जोडणारा रबरी भाग, पाहा.

खरंच आत बिघाड असेल तर गिअर ऑइल सांगतं. खालचा प्लग काढून थोडं तेल पांढऱ्या भांड्यात घ्या. प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप चालतो. नखाला टोचतील असे कपचे किंवा चकाकणारे तुकडे चालत नाहीत. दुधाळ तेल म्हणजे सीलमधून पाणी. भरताना तेल खालच्या भोकातून वर चढवायचं, वरच्या भोकातून बुडबुड्याशिवाय बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं की हवा आत अडकते आणि पातळी खोटी दिसते.

काम झाल्यावर आधी इंजिन बंद ठेवूनच पंखा हाताने फिरवत तिन्ही स्थिती तपासा: फॉरवर्डला पकडला पाहिजे, न्यूट्रलला मोकळा, रिव्हर्सला पुन्हा पकडला पाहिजे. मग पाण्यात, दोन्ही दोर बांधून, आयडलला पाच-सहा वेळा गिअर टाका-काढा. बेलोला हात लागला असेल तर बोट तासभर पाण्यात तशीच ठेवून तळातलं पाणी बघा, आणि मगच दोर सोडा.