७९ रुपयांच्या होस्टिंगवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन विषय संपवावा असं वाटलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, स्वस्त होस्टिंगबद्दल (होस्टिंग म्हणजे साईट ठेवायला भाड्याने घेतलेली जागा) मी एक लेख लिहिला होता, त्यावर ही प्रतिक्रिया आली. दादांचं इचलकरंजीत यंत्रमागाच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, महिना ७९ रुपयांवालं होस्टिंग घेऊन आता चार वर्ष होत आलीत, साईट चालू आहे, आणि त्यांचं म्हणणं असं की "तुम्ही वेबसाईटवाले लहान दुकानदाराला घाबरवता आणि महाग सर्व्हर गळ्यात मारता."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. "धंद्याची साईट असेल तर व्हीपीएसच घ्या" (म्हणजे सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी राखलेला, महागडा भाग) असं मी त्या लेखात सरसकट लिहिलं होतं, ते चुकलं, ते वाक्य मी काढलंय. पार्ट्सचे फोटो, पत्ता, फोन नंबर एवढीच पाच पानं असतील तर तुम्हाला ७९ सुद्धा द्यायची गरज नाही. साधी एचटीएमएलची पानं क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या ठिकाणी फुकट राहतात, वर्षाला फक्त डोमेनचे, म्हणजे साईटच्या नावाचे, पैसे लागतात. हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

पण "चार वर्ष चालतंय" यावर माझं ऐका. तो ७९ चा भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. ७९ गुणिले ४८ म्हणजे ३,७९२, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे साधारण ४,४७५ रुपये तुम्ही भरलेत. तुम्ही प्लॅनचं नाव दिलं होतं म्हणून मी त्यांच्या अटी उघडून बघितल्या, रिन्यूअलचा, म्हणजे मुदत वाढवायचा, भाव महिना ३४९ आहे. वर्षाचे ४,१८८, जीएसटी धरून ४,९४१ च्या वर. म्हणजे पहिल्या चार वर्षांना मिळून जेवढे गेले त्यापेक्षा जास्त आता एका वर्षाला जाणार, आणि ऑटो रिन्यू चालू असेल तर ते कार्डावरून आपोआप कापले जाऊ शकतात.

तेव्हा दुसरीकडे जाऊ म्हणाल, तर तेही आता पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. आधी बहुतेक ठिकाणी सीपॅनल (साईट सांभाळायचं तयार सॉफ्टवेअर) असायचं, एक फुल बॅकअप काढला की नव्या कंपनीकडे साईट, मेल, डेटाबेस (साईटवरची साठवलेली माहिती) सगळं जसंच्या तसं उभं राहायचं. २०१९ मध्ये सीपॅनलने दर अकाउंटमागे पैसे घ्यायला सुरुवात केली, ते स्वस्त होस्टिंगच्या गणितात बसेना, मग काही कंपन्यांनी स्वतःचं पॅनल आणलं. तिथून बाहेर पडायचं तर डेटाबेस वेगळा, फाईली वेगळ्या, जुने मेल वेगळे काढत बसावं लागतं, दुकान सांभाळून हे कोण करणार, त्यामुळे माणूस म्हणतो जाऊ दे, भरून टाकू.

आता ज्या प्रसंगामुळे मी मूळ लेख लिहिला तो सांगतो. देवगडकडचे एक बागायतदार काका, हापूसच्या पेट्या साईटवरून विकतात. वर्षातले दहा महिने त्या साईटवर कोणी फिरकत नाही, स्वस्त प्लॅनवर मस्त चालते. पण एका वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी त्यांच्या बागेचा एक व्हिडिओ मुंबई पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, लोक एकदम आले आणि साईटवर ५०८ एरर, रिसोर्स लिमिट इज रीच्ड, म्हणजे खात्याची मर्यादा संपली. प्लॅनवर "अनलिमिटेड" लिहिलेलं होतं, पण ते ट्रॅफिक आणि डिस्कबद्दल होतं. एका वेळी किती स्क्रिप्ट (पान तयार करणारे प्रोग्रॅम) चालू शकतात याची मर्यादा वेगळी असते, त्यांच्या खात्यात ती २० होती. नुसती माहितीची पानं कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून, जातात, त्यांना काही होत नाही, पण कार्ट (खरेदीची टोपली) आणि पेमेंटचं पान प्रत्येकाचं वेगळं असतं, ते दरवेळी नव्यानेच बनवावं लागतं, म्हणजे जो माणूस पैसे द्यायला आलाय त्यालाच एरर.

आणि त्याहून वाईट पुढे झालं. काही लोकांचे यूपीआयने पैसे गेले, काकांच्या पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीच्या) खात्यात जमाही दिसले, पण पैसे आल्याचा निरोप घ्यायला साईटच शुद्धीवर नव्हती, त्यामुळे ऑर्डरी पेंडिंगच राहिल्या. सदतीस जणांचे पैसे आलेत आणि कोणाची पेटी डोंबिवलीला जाणार, कोणाची कोथरूडला, काही पत्ता नाही. काकू आणि त्यांची सून वही घेऊन दोन दिवस एकेकाला फोन करत होत्या, तिकडे आंबा थांबायला तयार नाही, आढीतला आंबा पिकला की पिकला. होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर प्रत्येक वेळी नवीन माणूस यायचा, पहिल्यापासून सगळं विचारायचा आणि शेवटी मोठा प्लॅन घ्या म्हणायचा. मी स्वतः तेव्हा त्यांच्यासोबत फोनवर होतो. काकांना नुकसान किती झालं विचारलं तर त्यांनी आकडा सांगितला नाही, एवढंच म्हणाले की दरवर्षी घेणारी माणसं तुटली. हा खर्च होस्टिंगच्या बिलात कुठे लिहिलेला असतो सांगा.

तुमच्याकडे कार्ट नाही, त्यामुळे तुमचं असं होणार नाही हे मला कळतं. मला तुमच्या बाबतीत काळजी वाटते ती मेलची. तुम्हीच लिहिलंय की कोटेशन तुम्ही साईटसोबत फुकट मिळालेल्या मेलवरून पाठवता आणि "हल्ली पार्ट्या उत्तरच देत नाहीत, मार्केट थंड आहे." मार्केट थंड असेलही, पण शेअर्ड होस्टिंगवर (तुमच्यासारखं, अनेकांत वाटलेलं) एकाच सर्व्हरच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, शेकडो साईटींचे मेल जात असतात, त्यातल्या एकाने स्पॅम पाठवला की आयपी बदनाम होतो आणि तुमचं कोटेशनही त्याच्यासोबत स्पॅममध्ये जाऊ शकतं. त्यात फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत, पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या डोमेनला निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे सिद्ध करणाऱ्या सेटिंग) लागतं, दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात आणि वर डीमार्कही (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी सेटिंग). चार वर्षांपूर्वी केलेल्या सेटिंगमध्ये हे असेलच असं नाही. मेल परत आला तर निदान कळतं तरी, स्पॅममध्ये पडलेला मेल काहीच बोलत नाही, तुम्हाला वाटतं गिऱ्हाईकाने भाव बघून सोडलं. साईटवरच्या चौकशी फॉर्मचंही हेच होतं.

बॅकअपबद्दल तुम्ही म्हणालात "कंपनी घेतेच की." अटींमध्ये बहुतेक ठिकाणी असं असतं की बॅकअप आम्ही आमच्या सोयीने घेतो, जबाबदारी तुमची. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, लाखो साईटी बंद पडल्या, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा तोही गेला. ती तर युरोपातली नावाजलेली कंपनी. महिन्यातून एकदा बॅकअप उतरवून दुकानातल्या पेनड्राइव्हवर ठेवला तर याला एक रुपया लागत नाही.

आणि डोमेन. "फ्री डोमेन" एका वर्षापुरतं असतं हे ठीक, पण ते नोंदवलंय कोणाच्या ईमेलवर? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं, साईट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या मेलवर घेतलेलं असतं, तो मुलगा आता बंगळुरूला नोकरी करतो आणि फोन उचलत नाही. मुदत संपल्याची सूचना त्याला जाते. डॉट कॉम असेल तर मुदतीनंतर थोडे दिवस नेहमीच्या दरात मिळतं, नंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो, त्यात सोडवायला भरमसाट दंड, आणि त्यानंतर पाच दिवसांत ते कोणालाही घ्यायला मोकळं होतं. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर, पावतीपुस्तकावर, दुकानाच्या बोर्डावर तेच नाव आहे ना.

तेव्हा माझ्याकडून काही विकत घेऊ नका, होस्टिंगही बदलू नका, फक्त आज रात्री दुकान बंद केल्यावर दोन गोष्टी करून बघा. डोमेनच्या खात्यात लॉगिन करून बघा, होतंय का आणि तिथला ईमेल कोणाचा आहे. आणि दुकानाच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलला एक कोटेशन पाठवा, ते इनबॉक्सला आलं की स्पॅमला ते बघा, मग कॉम्प्युटरवर तो मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांमध्ये "शो ओरिजिनल" दाबा, तिथे एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे पास लिहिलंय की फेल ते मला इथेच कळवा. फेल असेल तर कुठली ओळ कुठे टाकायची ते मी सांगतो, दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे नाहीत.