कामोल्यीची जाळी आणि आमच्या घरासमोरची रापण

गेल्या आठवड्यात पुण्याच्या थोरल्या चुलतभावाचा फोन आला. मालवणजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घराचा होमस्टे करण्याचा त्याचा बेत आता पक्का झाला आहे आणि त्याच्या मते त्यात एकच अडचण उरली आहे, ती म्हणजे घरासमोरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याची मासेमारी. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, पसरलेली जाळी आणि उन्हात सुकणारे मासे पाहून पाहुणे नाक मुरडतील, तेव्हा ग्रामपंचायतीकडे अर्ज करून हे सारे पलीकडे हलवावे, असे त्याने ठरवले आहे. "तू युरोपात राहतोस, तिथे किनाऱ्यावर असला पसारा दिसतो का कुठे?" असे त्याने शेवटी विचारले. दादाशी वाद घालण्याची आमच्या घरात पद्धत नाही. मी "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि शनिवारी पहाटे तोच प्रश्न डोक्यात घेऊन मिलानहून आगगाडीत बसलो.

आम्ही चौघे होतो: वर्गातला एक ट्युनिशियन मित्र, एक तुर्की मैत्रीण, मदुराईचा माझा खोलीसोबती आणि मी. परीक्षा संपल्या होत्या, खिशात फारसे काही नव्हते आणि जेनोव्हाला गाडी बदलून कामोल्यीला जाणारे तिकीट परवडत होते. कामोल्यी हे लिगुरियाच्या किनाऱ्यावरचे छोटे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिडाच्या जहाजांचा ताफा एवढा मोठा होता की त्याला हजार पांढऱ्या शिडांचे शहर म्हणत. आज बंदरापाशी गेरू, गुलाबी आणि पिवळ्या रंगांची उंच घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांच्या भिंतींवरच्या कित्येक खिडक्या, कोरीव चौकटी आणि सज्जे केवळ रंगवलेले आहेत. दुरून खरे वाटतात, जवळ गेल्यावर फसल्याचे कळते.

दादाचा युरोप आम्हाला उतरल्या उतरल्याच भेटला. गोट्यांच्या किनाऱ्यावर निळ्या छत्र्यांच्या रांगा होत्या, आणि दोन खुर्च्या व एक छत्री यांचे दिवसाचे भाडे आमच्या आठवड्याच्या बाजाराएवढे होते. आम्ही फुकट पट्ट्यावर, कडेच्या खडकांपाशी, टॉवेल अंथरले. इटलीत किनारा सरकारचाच असतो, पण तो वर्षानुवर्षे त्याच त्या कुटुंबांना भाड्याने दिलेला असतो. युरोपीय संघाच्या 2006 च्या निर्देशानुसार त्यासाठी खुल्या निविदा काढायला हव्यात आणि इथली सरकारे ती मुदत पुढे ढकलत आता 2027 पर्यंत घेऊन गेली आहेत. आमच्या गावी समुद्रात पाय बुडवायला कोणी पैसे मागितले, तर त्याच संध्याकाळी गावसभा भरेल. दादाला हे सांगायला हवे, असे मनात आले आणि मला थोडे बरे वाटले.

त्याहून बरे वाटले ते दुपारी. पुंता किआप्पाच्या टोकाकडे जाताना समुद्रात तरंगणाऱ्या बोयांची एक रांग दिसली. ती तोन्नारेल्ला, म्हणजे सतराव्या शतकापासून त्याच परिसरात लावले जाणारे बांधीव जाळे. एप्रिल ते सप्टेंबर ते पाण्यात असते आणि कोळी ते हाताने उचलतात. या जाळ्याचा बहुतेक भाग दरवर्षी नव्याने विणला जातो, तोही काथ्याचा. ज्या किनाऱ्यावर एकही नारळ पिकत नाही, तिथे नारळाच्या काथ्याचे जाळे! काथ्या पाण्यात कुजून जातो, नायलॉनसारखा मागे उरत नाही. शिवाय 1999 पासून हा परिसर संरक्षित सागरी क्षेत्र आहे आणि तरीही हे जाळे त्यात आपल्या जागी आहे. मालवणला सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले, पण आमच्याकडे अभयारण्य म्हटले की मच्छीमाराला आधी आपली होडी जाणार असे वाटते, आणि त्याची ही भीती मला अनाठायी वाटत नाही. माशांचे थवेच्या थवे घेरून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध घातले, एलईडीच्या उजेडातल्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी आणली, तरी रापणकर अजून खोल समुद्रातल्या त्या दिव्यांकडे बोट दाखवतात. एवढे सोसून जी रापण टिकली, ती आमच्या पाहुण्यांच्या नाकासाठी हलवायची?

ट्युनिशियन मित्राने मध्येच त्याच्या आजोळची गोष्ट काढली. केर्केना बेटांवर उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्या रोवून मासे अडवतात, त्या शार्फिया पद्धतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. त्याचे मामा मात्र युरोपात टॅक्सी चालवतात, असे तो हसत म्हणाला. मी हसलो नाही, कारण मला तेव्हा आमच्या घराचे कुलूप आठवले.

रात्री वसतिगृहाकडे परतताना मी वर पाहिले. बंदरावरच्या त्या देखण्या घरांच्या बहुतेक खिडक्या अंधारात होत्या, आणि यात रंगवलेल्या खिडक्या मी मोजलेल्या नाहीत. मालक मिलान-तुरिनला असतात, सुट्टीत येतात, असे फोकाच्या नावाचा तिथला पाव विकणाऱ्या बाईने सांगितले. आमचे घरही गणपतीचे पाच दिवस सोडले तर बंदच असते. वडील ठाण्याला, काका पुण्याला, मी इथे. रापण ओढायला हात लावणाऱ्यालाही मासळीचा वाटा मिळतो, हे मी लहानपणी ऐकले आहे, पण मी कधी दोर धरलेला नाही. सुट्टीत आई मला पडवीतून खाली उतरू देत नसे, कपड्यांना वास लागतो म्हणून. दादाचे पाहुणे जे म्हणणार, ते आमच्या घरात आधीच म्हणून झालेले आहे.

रविवारी सकाळी धक्क्यावर एक म्हातारा कोळी जाळे दुरुस्त करत बसला होता. मी इटालियनमध्ये, थोड्या अभिमानानेच, सांगितले की मी भारतातला आहे, आमच्या दारात माड आहेत आणि आमच्याकडेही असेच जाळे आहे. (रापण तशी नसते, ती किनाऱ्यावरून ओढतात, पण इतके व्याकरण मला येत नव्हते.) त्याने काथ्याचे दोन पदर माझ्या हातात दिले आणि वळून दाखव, अशी खूण केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी शाळेतल्या निबंधांत किती वेळा लिहिली असेल. ते पदर माझ्या तळव्यांत नुसतेच घसरत राहिले. मदुराईच्या मित्राने माझ्या हातातून घेऊन सहज पीळ दिला. त्याच्या आजीकडून शिकला होता म्हणे.

परतीच्या गाडीत दादाचा संदेश आला होता. भिंतींना कुठला रंग द्यावा हे ठरवायला त्याला तिथल्या घरांची छायाचित्रे हवी होती. मी त्याला जाळ्याचे एक छायाचित्र पाठवले, आणि मग घरांचीही पाठवली.