तीन सिस्टर, एकवीस पाळ्या

गेल्या महिन्यात भाचीला मध्यरात्रीनंतर कळा सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलो तर ड्युटीवर एकच सिस्टर. आत आधीच एक बाई बाळंत होत होती, आणि तेवढ्यात विंचू चावलेल्या पोराला घेऊन त्याचे आईबाप आले. सिस्टर हातमोजे काढून बाहेर यायच्या, पोराची नाडी आणि बीपी बघायच्या, हात धुवून, नवे मोजे चढवून पुन्हा आत. डॉक्टर रजेवर, पदभार शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरांकडे. सगळे सुखरूप घरी आले, ते त्या एका बाईमुळे.

पहाटे विचारलं, "सिस्टर, दुसरं कोणीच नाही का?" म्हणाल्या, "आहे ना. पण ती प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे आहे. कागदावर इथली जागा भरलेली दिसते."

तेव्हापासून एक हिशोब डोक्यातून जात नाही. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकं २००७ साली आली, २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारली गेली. २०१२च्या मानकांत, महिन्याला २०पेक्षा कमी बाळंतपणं होणाऱ्या केंद्रासाठी ३ परिचारिका आवश्यक धरल्या होत्या. चोवीस तासांच्या ३ पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या २१. साप्ताहिक सुटी सोडून एकीच्या ६, तिघींच्या १८. सगळी पदं भरली, वर्षभर कुणी आजारी पडलं नाही, कुणाच्या घरी लग्न-मयत झालं नाही, तरीही ३ पाळ्या उघड्या. एक प्रतिनियुक्तीवर गेली की ९ उघड्या. मग दोघींनी डबल ड्युटी करायची, नाहीतर उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेला ओढून आणायचं. तिला आणलं की तिकडच्या गृहभेटी आणि लसीकरण मागे पडतं.

गुणवत्तेच्या राष्ट्रीय मानकांनुसार केंद्राची तपासणी होते, प्रमाणपत्रासाठी एकूण किमान ७० टक्के गुण लागतात. मी त्याला नावं ठेवणार नाही. कचऱ्याचे वेगळे डबे, हात धुण्याची शिस्त, स्वच्छ प्रसूतिगृह यांनी बाळ-बाळंतिणीचा जंतुसंसर्ग टळतो. मनुष्यबळाचेही मुद्दे त्यात आहेत. पण ते अनेक मुद्द्यांतले काही, आणि माझ्या मते बाकीचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. पार्टोग्राफचंच बघा, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायचा तक्ता. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला मोजून त्यावर मांडायचे असतात. दोन बाळंतिणी आणि एक विंचूदंश सांभाळणारी एकटी बाई ते कसे मोजणार? सकाळी आठवून भरलेला पार्टोग्राफ तपासणीत पूर्ण दिसेल. बाळाला त्याचा काय उपयोग?

विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध देऊन जीव वाचवता येतात हे जगाला दाखवलं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून. औषध आज गोळीच्या रूपात मिळतं. उशाशी बसायला माणूस लागतो.

माझं मागणं एवढंच आहे की तपासणीत मंजूर पदं मोजू नका, मागच्या तीन महिन्यांचं ड्युटी रोस्टर मागवा. प्रतिनियुक्तीवर गेलेल्यांची जागा रिक्त धरा. रात्रपाळीत सिस्टर एकटी असेल तर तिथे गुण कापा, आणि ती कमतरता वरच्या कार्यालयाच्या नावावर लिहा, त्या सिस्टरच्या नाही.

केंद्राच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या रुग्णकल्याण समितीच्या पुढच्या बैठकीआधी मी सदस्यांना भेटून रोस्टर मागायला सांगणार आहे. तुमच्याकडच्या समितीवर ओळखीचं कुणी असेल, तर त्यांनाही सांगा.