दुधाचे दात पडणारच, पण बाराव्या वर्षी

‘दुधाचे दात पडणारच आहेत, किडले तरी बिघडत नाही. मूल दुखतंय म्हणेपर्यंत थांबा. दात येताना ताप-जुलाब व्हायचेच. फ्लोराइडची पेस्ट मात्र विष, लांब ठेवा.’ असा मजकूर पालकांच्या ग्रुपवर सारखा फिरत असतो. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणून बाकीचं खपून जातं.

दुधाचे दात पडतात, पण कधी? समोरचे, मूल ६-७ वर्षांचं असताना. मागच्या दाढा मात्र १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला ‘पडेल आपोआप’ म्हणायचं, तर मुलानं पुढची सहा-आठ वर्षं तिच्यावरच चावायचं. तिच्या मुळांच्या बेचक्यात कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. दुधाच्या दाढेचा जंतुसंसर्ग तिथवर पोहोचला, तर नवा दात डागाळलेला, खडबडीत येऊ शकतो. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारची दाढ त्या फटीत सरकते आणि येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. मग तो वेडावाकडा येतो, नाहीतर हिरडीतच अडकून राहतो.

सगळ्यात मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कुणाला कळतही नाही. ती किडली की तिलाही ‘दुधाचीच आहे’ म्हणून सोडून देतात. ती दाढ जन्मभराची असते.

आता ‘दुखेपर्यंत थांबा’ हा सल्ला. सबंध मजकुरातला हा सर्वांत घातक. कीड एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरात असते तेव्हा काहीच दुखत नाही, कारण एनॅमलला संवेदना नसते. दुधाच्या दाताचं एनॅमल पातळ असतं आणि आतला मज्जेचा (नसा-रक्तवाहिन्यांचा) भाग त्या मानानं मोठा, त्यामुळे कीड लवकर आत पोहोचते. मूल कळवळतं तोवर साध्या फिलिंगची वेळ बहुधा टळलेली असते. आणि कधी कधी दुखणं अचानक थांबतं! आईवडील सुटकेचा श्वास सोडतात. प्रत्यक्षात मज्जा मेलेली असते किंवा पुवाला वाट मिळालेली असते. हिरडीवर पुटकुळीसारखा फोड दिसतो, तो त्याचाच.

म्हणून दुखण्याची वाट न पाहता स्वतः बघा. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, उजेडाकडे तोंड करा, वरचा ओठ उचला. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर फ्लोराइडनं आणि खाण्यातली साखर आवरून ती थोपवता येते. पट्टा तपकिरी झाला, खड्डा पडला की तो आपणहून भरून येत नाही. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे समोरचे दात आधी जातात. खालच्यांवर जीभ असते, ते वाचतात. मूल एकाच बाजूनं चावत असेल, थंड नको म्हणत असेल, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी तोंडात डोकावून बघा. गालावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘कीड’ या आपल्या शब्दानंही घोळ घातलाय. दातात किडा नसतो, हे फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्येच लिहून ठेवलं. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते दात विरघळवतं, एवढंच.

दात येताना लाळ गळते, बाळ किरकिरतं, अंग किंचित कोमट लागतं. ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप किंवा जुलाब मात्र दातांच्या नावावर खपवू नका. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरत असतं आणि बाळ हाती येईल ते तोंडात घालत असतं. आजाराला तेवढं पुरतं.

राहिलं फ्लोराइड. मुलानं अख्खी ट्यूब खाल्ली तर ते विषारी ठरू शकतं, यात वाद नाही. पण प्रश्न मात्रेचा आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, ३ ते ६ वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. ब्रशवर ती मोठ्यांनी घ्यायची, ट्यूब मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवायची. घासून झालं की थुंकायला सांगा. खळखळून चूळ भरायला लावलीत तर लावलेलं फ्लोराइडही वाहून जातं.