इक्थिओस्टेगा उभयचर का नाही : एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इक्थिओस्टेगा, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, चार पायांच्या अगदी सुरुवातीच्या प्राण्यांपैकी एक, हा उभयचर नाही असं मी परवाच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही कमेंट टाकलीत, नाव न लिहिता. म्हणणं असं, की इक्थिओस्टेगा हा पहिला उभयचर हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पोलंडला सापडलेल्या पावलांच्या जुन्या ठशांचा लेखात पत्ताच नाही, अकँथोस्टेगाचं (ग्रीनलंडचाच तसाच दुसरा जुना प्राणी) चित्र कुठून घेतलं ते लिहिलेलं नाही, आणि शेवटी "गूगल करून विद्वान होता येत नाही, आधी शिका."

चित्राचं मान्य, ते कुठून घेतलं ते आज खाली टाकलंय. पण ते 'आधी शिका' मला लागलं. मी दादरला क्लासमध्ये कित्येक वर्षं बारावीचं झूलॉजी शिकवलंय, आणि त्याआधी कॉलेजात, बेडूक फाडायची मुभा होती तेव्हा, मेणाच्या ट्रेमध्ये पिना टोचून पाय ताणून बसवायचे आणि मग एकेक बोट मोजायचं, पुढच्या पायाला चार, मागच्या पायाला पाच, हे सगळं हाताने केलंय. मतभेद असेल तर तसं लिहा ना, समोरच्याची लायकी काढायची काय गरज होती?

आता इक्थिओस्टेगा. ग्रीनलंडचा प्राणी, १९३२ साली त्याला नाव मिळालं. नंतर स्वीडिश जीवाश्मतज्ज्ञ यार्विक यांनी त्याच्या मागच्या पायाला पाच बोटं दाखवली, आणि तेच चित्र सगळीकडे गेलं. १९८७ ला ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक ग्रीनलंडला गेल्या, तिथून आलेल्या हाडांवर त्यांचे सहकारी कोट्स आणि त्यांनी स्वतः १९९० मध्ये लिहिलं, तर निघालं काय, अकँथोस्टेगाच्या हाताला आठ बोटं आणि इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात! अकँथोस्टेगाला तर आत माशासारखे कल्लेही होते, शेपटीला पर होता, मनगट वजन पेलण्यासारखं नव्हतं. म्हणजे बोटं फुटली ती पाण्यातच, जमिनीवर चालायला नव्हे. पुढे २०१२ मध्ये इक्थिओस्टेगाचे सांधे कॉम्प्युटरवर फिरवून पाहिले, तेव्हा मागचे पाय आळीपाळीने टाकत चालणं त्याला जमणारं नव्हतं असं दिसलं.

आणि मुख्य मुद्दा वंशाचा आहे. बेडूक आणि आपण ज्या पूर्वजापासून वेगळे झालो, त्याच्याही आधी इक्थिओस्टेगाची फांदी फुटलेली आहे. तो बेडकाला जितका जवळचा तितकाच तुम्हाला आणि मला. खापरपणजोबांच्याही आधीच्या माणसाला फक्त चुलत्याच्याच घरातला धरल्यासारखं होतं ते! पाण्यात आणि जमिनीवर राहतो म्हणून उभयचर, हा हिशोब राहणीमानाचा झाला, नात्याचा नाही, आणि आज वर्गीकरण नात्यावर चालतं.

शाळेत शिकलेलं कायमचं असतं असं वाटत असेल तर आपल्या विदर्भातलंच बघा. मांगलीला सापडलेल्या एका कवटीला इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिओप्स लॅटिसेप्स नाव दिलं आणि तिला लॅबिरिंथोडाँट (दातांच्या आत वळ्यावळ्यांची रचना असलेला) सरपटणारा प्राणी म्हटलं. नंतर तीच कवटी उभयचरांत गेली, आता ती टेम्नोस्पाँडिल्स या चार पायांच्या जुन्या प्राण्यांच्या गटात बसते, आणि लॅबिरिंथोडाँट हा गटच एका वंशाचा नाही म्हणून मोडीत निघाला. ओवेन काय अडाणी होते? नाही. हाडं वाढली, तुलना वाढली, गट बदलले. हे मुलांना सांगायला मला कधी लाज वाटली नाही आणि तुम्ही मात्र शाळेतल्या पोराचाच दाखला देताय.

राहिलं पोलंड. तिथल्या झाखेउम्येचे चार पायांच्या प्राण्याचे ठसे २०१० मध्ये जाहीर झाले, सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि मासा व चार पायांचा प्राणी यांच्या मधला मानला जाणारा टिक्टालिक ३७.५ कोटींचा, म्हणजे ठसे त्याच्याहून जुने. माहीत आहे मला. लेख हाडांवर होता, ठशांवर नव्हता, तेवढ्यासाठी इथे वाद घालत बसणार नाही.

पुढची कमेंट नावानिशी टाका, आणि बोटांबद्दल किंवा वंशाबद्दल मी लिहिलेलं नेमकं कुठलं वाक्य चूक आहे ते त्यात लिहा, मग बोलू. 'आधी शिका' असलेली कमेंट यापुढे मी पब्लिश करणार नाही.