विद्यापीठातला सायक्लोट्रॉन

महाराष्ट्रात प्राध्यापक भरतीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: संशोधनाला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहेत, विद्यापीठांनी शिकवावं आणि परीक्षा घ्याव्यात. बेल्जियममधल्या लूव्हां-ला-नवमध्ये राहून मला हे बिलकूल पटत नाही.

हे गाव भाषेच्या भांडणातून वसलं. लूव्हेनचं कॅथलिक विद्यापीठ १४२५ सालचं. विश्वाच्या प्रसरणाचं गणित १९२७ मध्ये मांडणारे पाद्री लमेत्र तिथलेच प्राध्यापक. लूव्हेन ज्यात येतं त्या फ्लेमिश, म्हणजे डच भाषकांच्या, भागात फ्रेंचमधून शिक्षण नको, या आंदोलनापायी १९६८ मध्ये देशाचं सरकार पडलं, विद्यापीठ दुभंगलं, ग्रंथालयातली पुस्तकंही वाटली गेली. फ्रेंच भाषकांनी मोकळ्या शेतांत नवा संसार मांडला. तिथल्या पहिल्यावहिल्या इमारतींमध्ये सायक्लोट्रॉनची, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरक यंत्राची, इमारत होती. गावातलं मोठं चर्च कितीतरी नंतरचं!

यंत्र अणुगर्भाच्या अभ्यासासाठी होतं. त्यावर काम करणारे अभियंते इव्ह योंगेन यांनी १९८६ मध्ये आयबीए ही कंपनी काढली. आधी रुग्णालयांसाठी किरणोत्सारी समस्थानिकं (तपासण्यांत वापरली जाणारी अणूंची रूपं) बनवणारे सायक्लोट्रॉन, मग कर्करोगावरच्या प्रोटॉन उपचारांची यंत्रं. आजही ‘सायक्लोट्रॉन मार्गा’वर विद्यापीठाची भौतिकशास्त्र संस्था २ क्रमांकाला आणि कंपनी ३ क्रमांकाला आहे. खारघरला टाटा स्मारक केंद्रात बसवलेलं प्रोटॉन यंत्र याच कंपनीचं. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा गाठीपाशी टाकून तिथंच थांबतो, पलीकडचा निरोगी भाग वाचतो. लहान मुलांच्या बाबतीत याचं मोल फार मोठं.

भारतात भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं म्हणणं हेच होतं की अणुविज्ञान विद्यापीठांत वाढावं. होमी भाभांनी स्वतंत्र संस्थांची वाट धरली. त्या वाटेनं देशाला खूप दिलं, टाटा स्मारकही अणुऊर्जा विभागाच्याच छत्राखाली आहे. पण एम.एस्सी.चा विद्यार्थी आणि त्वरक यांच्यात कुंपण उभं राहिलं, हे नुकसान मला मोठं वाटतं. योंगेनसारखी माणसं यंत्राशेजारी वावरूनच घडतात.

आपल्याला हे जमणार नाही, असंही नाही. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मायक्रोट्रॉन हा इलेक्ट्रॉनांना वेग देणारा त्वरक उभा राहिला, त्यावर पीएच.डी. झाल्या. पण असं यंत्र जपायला वर्षानुवर्षं टिकणारे प्राध्यापक आणि तंत्रज्ञ लागतात. तासिका तत्त्वावर, दर सत्रागणिक मानधनाची वाट बघणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा ठेवणं अन्याय्य आहे. म्हणून राज्यानं विद्यापीठांतली रिक्त पदं आधी कायमस्वरूपी भरावीत, आणि त्यांत प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांची पदं विसरू नयेत.