मीडियम फॉरमॅटला फोकस पॉइंट एकच?

‘मीडियम फॉरमॅट (नेहमीच्या कॅमेऱ्यांहून मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात मधोमध एकच फोकस पॉइंट, म्हणजे कॅमेरा आपोआप फोकस धरतो ती जागा, असतो,’ हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. हॅसलब्लाडच्या एच मालिकेपुरतं ते खरं आहे. तिथे, निदान जुन्या मॉडेलांत, डोळ्यावर फोकस धरून कॅमेरा वळवला की फोकसचं प्रतल मागे सरकतं. पापणी धूसर, कान मात्र लख्ख! पेंटॅक्स ६४५झेडला (२०१४) २७ पॉइंट होते, पण सगळे मध्यभागी दाटलेले, कारण फोकस मॉड्यूल पेंटॅक्सच्याच छोट्या सेन्सरच्या के-३ कॅमेऱ्याचं.

कॅमेऱ्यातला आरसा गेला (मिररलेस कॅमेरे आले) आणि चित्र पालटलं. फुजीच्या जीएफएक्स १०० मध्ये (२०१९) फेज डिटेक्शनचे (फोकस मोजणारे) पिक्सेल सेन्सरवरच, जवळजवळ पूर्ण फ्रेमभर आहेत. हॅसलब्लाडच्याच एक्स२डी १००सीला २९४ फोकस झोन आहेत. वेगात छोटे कॅमेरे अजून सरस आहेत, हे मान्य. पण कडेच्या डोळ्यावर फोकस बसत नाही, हे आता खरं नाही.